हरदत्ताचा नंबर लागतच नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. 'फिस्ट फाइट' हा 2017चा अमेरिकन सिनेमा पाहून तुम्ही खूप हसलात आणि तशीच दोन शिक्षकांची खुन्नस इंदूरच्या शाळेत, मराठीत लिहायला घेतलीत. 60 पानं झाली. घरी वाचन केलं तर कोणी हसेना. गणिताचे सर संस्कृतच्या सरांना मारायला धावतात, त्या प्रसंगाला तर तुमच्या काकांनी 'असं कुठे होतं का रे?' म्हणत चष्माच काढून ठेवला. तेव्हा चुकतंय कुठे?

काकांचं बरोबर आहे. मी 31 वर्षं इंदुरात मास्तरकी केली, संध्याकाळी हौशी मंडळींची नाटकं लिहिली आणि बसवली, अलीकडे मुलांना घेऊन चार-पाच लघुपटही केले. त्या जोरावर सांगतो: तुमचे मास्तर बोलतात मराठीत, पण भांडतात अमेरिकेतल्यासारखे.

आधी त्या सिनेमाचं यंत्र उघडून बघू. शाळेच्या वर्षाचा शेवटचा दिवस आहे आणि मोठ्या वर्गातली मुलं खोड्यांवर खोड्या काढताहेत. इतिहासाचा मास्तर, म्हणजे आइस क्यूब, भडकतो आणि आग विझवायच्या कुऱ्हाडीनं एका मुलाचं बाक फोडतो. प्राचार्य दोघांना समोर उभं करून विचारतात, कोणी केलं ते सांगा, नाहीतर दोघंही घरी जाल. इंग्रजीचा मास्तर, म्हणजे चार्ली डे, घाबरून नाव सांगून टाकतो, कारण घरी बायकोचे दिवस भरत आलेत. दुसऱ्याची नोकरी जागच्या जागी जाते आणि तो म्हणतो, तीन वाजता शाळा सुटली की बाहेर ये. तिथून पुढे फक्त घड्याळ चालतं. सिनेमा दीड तासाचा, त्यामुळे घड्याळाला दमही लागत नाही.

हे यंत्र दोन खिळ्यांवर उभं आहे. एक, नोकरी एका वाक्यात जाऊ शकते. दोन, मारामारी झाल्यावर या दोघांना पुन्हा एकमेकांचं तोंड पाहायची गरज नाही. इंदुरात हे दोन्ही खिळे मिळत नाहीत.

सरकारी शाळेतल्या शिक्षकाला प्राचार्य 'उद्यापासून येऊ नका' म्हणूच शकत नाहीत. मध्य प्रदेशचे 1966चे सिविल सेवा नियम आडवे येतात. आधी कारणे दाखवा नोटीस, मग निलंबन, आरोपपत्र, चौकशी अधिकारी, साक्षी, जबाब. निलंबित माणसालाही सुरुवातीला साधारण अर्ध्या पगाराइतका निर्वाह भत्ता मिळतो. तेवढ्यात तो घरी बसून माहितीच्या अधिकाराचे अर्ज खरडतो आणि परत येतो तो सगळ्या शाळेची कुंडली घेऊनच. आणि कुऱ्हाड? शिक्षण हक्काच्या 2009च्या कायद्याचं कलम 17 मुलांना मारायला आणि त्यांचा मानसिक छळ करायला बंदी घालतं. वर्गात कुऱ्हाड निघाली की आपल्याकडचा प्रेक्षक हसायचं सोडून पोलीस कधी येतात ते बघू लागेल. खासगी शाळेत नोकरी पटकन जाते हे खरं, पण ती गेली की माणूस भांडायला थांबत नाही, दुसरी शाळा शोधतो. ते दुःख वेगळं आहे, त्यावर विनोदी सिनेमा मला तरी सुचत नाही.

दुसरा खिळा तर विचारूच नका. इंदुरातली मराठी वस्ती म्हणजे एकाच ताटातली भाजी. ज्याच्याशी सकाळी अबोला, तोच संध्याकाळी सानंद या मराठी संस्थेच्या नाटकाला तुमच्या पुढच्या रांगेत बसलेला असतो आणि त्याचं डोकं मध्ये येतं. त्याच्या मेहुणीच्या मुलीचं स्थळ तुमच्या पुतण्याला आलेलं असतं. आपल्याकडे मास्तराला शत्रू मिळाला की तो निवृत्तीपर्यंत टिकतो आणि पुढे पेन्शनच्या रांगेतही दोन माणसं सोडून उभा असतो. तीन वाजता मिटणारं भांडण आपल्याला परवडत नाही.

मग आपले मास्तर भांडतात कशावरून? पगार वेतनश्रेणीनं ठरतो आणि बढती ज्येष्ठता यादीनं. मोठ्या गोष्टी अशा यादीवर सोपवल्या की माणूस लहान गोष्टींवर जीव टाकतो. पंख्याखालची खुर्ची, प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली, प्रार्थनेचा माइक, दहावी 'अ'. आणि या सगळ्यांवर कळस म्हणजे अरेंजमेंटची वही.

तुम्ही कॉलेजातून थेट कॅमेऱ्याकडे गेलात, म्हणून सांगतो. कोणी शिक्षक रजेवर असला की त्याचा तास दुसऱ्याला द्यायचा, याला आमच्याकडे 'अरेंजमेंट' म्हणतात. प्रार्थना संपली की शिपाई ती वही घेऊन फिरतो आणि आपल्या नावापुढे निमूट सही करावी लागते. ही वही ज्याच्या हातात, शाळा त्याची. तो तुमचा दिवसातला एकुलता एक रिकामा तास उचलून बरोब्बर सातवी 'ब'ला देतो आणि वर म्हणतो, 'तुमच्याशिवाय तो वर्ग कोणाचं ऐकतच नाही हो, सर.' यावर काय बोलणार? त्यानं तर स्तुती केली. तुमच्या गणिताच्या सरांच्या हातात ही वही द्या आणि ठोसा काढून टाका. पहिल्या वीस मिनिटांचा प्रश्न तिथेच सुटला.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. मास्तरांच्या चढाओढीचं नाटक शोधायला तुम्ही अमेरिकेपर्यंत गेलात. उज्जैन इथून 55 किलोमीटर आहे. कालिदास आपलाच, असं आम्ही माळव्यातले लोक हक्कानं मानतो, आणि त्याच्या 'मालविकाग्निमित्रा'चा पहिला अंक म्हणजे निखळ स्टाफरूम आहे. गणदास आणि हरदत्त हे विदिशेच्या राजवाड्यातले दोन नाट्याचार्य. दोघांचं वाजतं आणि दोघं तक्रार घेऊन राजासमोर येतात. एक म्हणतो, हा चारचौघांत बोलला की मी याच्या पायाच्या धुळीच्याही लायकीचा नाही. दुसरा म्हणतो, आधी यानंच सुरू केलं, स्वतःला समुद्र आणि मला डबकं म्हणाला. 'आधी यानं केलं, सर!' हे वाक्य मी सातवी 'ब'मध्ये रोज ऐकलं आहे. कालिदासानं ते दोन पिकलेल्या आचार्यांच्या तोंडी घातलं आणि तिथेच अर्धी बाजी मारली.

पुढची गंमत बघा. या भांडणाला काडी लावलीय विदूषकानं. कारण राजा अग्निमित्रानं मालविकेचं चित्र पाहिलंय, राणी धारिणी तिला त्याच्या नजरेला पडू देत नाही, आणि मालविका आहे गणदासाची शिष्या. गुरूंमध्ये श्रेष्ठ कोण हे ठरवायचं निमित्त झालं तरच शिष्या राजासमोर येऊन नाचणार. निवाडा करायला बसवलेली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, युक्तिवाद करते की काही गुरूंची कला त्यांच्या स्वतःच्या अंगात असते, काहींना ती दुसऱ्यात उतरवता येते, आणि दोन्ही साधेल तो पहिल्या नंबरचा; म्हणून शिष्यांचं काम बघू. वाक्य सोळा आणे खरं आहे, आजही बीएडच्या मुलांना फळ्यावर लिहून द्यावं असं. फक्त ते बोललं गेलंय एका मुलीला राजासमोर आणण्यासाठी. राणी हा तमाशा थांबवायला बघते, तर विदूषक म्हणतो, अहो, या दोन मेंढ्यांची टक्कर तरी पाहू द्या, नाहीतर यांना फुकट पगार कशाला द्यायचा?

त्या दरबारात कोण श्रेष्ठ शिक्षक याच्याशी कोणालाच देणंघेणं नाही. राजाला नाच बघायचाय, विदूषकाला राजाची मर्जी राखायचीय, राणीला हे टाळायचंय. ही गोष्ट प्रेक्षकासकट सगळ्यांना कळते, कळत नाही ती त्या दोन मास्तरांना. ते बिचारे शास्त्र घेऊन उभे आहेत. तुमच्या घरी कोणी हसलं नाही त्याचं कारण हे आहे. तुमच्या संहितेत दोघं भांडतात आणि बाकीचे 'अरेरे' म्हणत बघतात. या भांडणात तिसऱ्या कोणाचं तरी फावलं पाहिजे, कोणाचं ते प्रेक्षकाला माहीत पाहिजे, आणि त्या दोघांना शेवटपर्यंत कळता कामा नये.

दुसऱ्या अंकात गणदास वयानं मोठा म्हणून त्याच्या शिष्येला पहिला मान मिळतो. मालविका गाते, नाचते, राजा तृप्त. मग हरदत्त पुढे येतो: महाराज, आता माझं काम बघा. राजाचं काम तर केव्हाच झालेलं असतं. तेवढ्यात भाट दुपार झाल्याची ललकारी देतात, विदूषक म्हणतो, जेवणाची वेळ टळली की वैद्य रागावतात, आणि राजा हरदत्ताला सांगतो, तुमचं उद्या पाहू. नाटकाला पुढे तीन अंक आहेत, पण हरदत्ताचा तो उद्या काही उजाडत नाही.

हे वाचून मी हसलो नाही, कारण हरदत्त मी स्वतः झालो आहे. 1994च्या स्नेहसंमेलनाची गोष्ट. शाळेचं नाव सोडून द्या. मी एकांकिका बसवत होतो आणि भूगोलाच्या मॅडम समूहनृत्य. भांडण नंबरावरून. बाहेरच्या माणसाला वाटेल की शेवटचा नंबर मानाचा. तसं नसतं. मानाचा नंबर प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाच्या अगदी आधीचा. भाषण झालं की पाहुणे उठतात, पाहुण्यांमागे संस्थेचे लोक, आणि मग उरतात फक्त नाचणाऱ्या मुलांच्या आया. तो नंबर मॅडमना मिळू नये म्हणून मी दोन महिने झटलो. मला मिळू नये म्हणून त्याही झटल्या असणार, कारण अरेंजमेंटची वही त्यांच्याकडे होती आणि त्या दोन महिन्यांत सातवी 'ब'चा प्रत्येक धडा मी शिकवला.

सहावीतला एक मुलगा त्यांच्याकडे मोर होता आणि माझ्याकडे मावळा. मधल्या सुट्टीत त्या त्याला तालमीला बोलवायच्या, शेवटच्या तासाला मी. तो आला नाही की मला वाटायचं मॅडमनी अडवला आणि त्यांना वाटायचं मी. या एका पोरावरून मी प्राचार्यांकडे दोनदा लेखी तक्रार केली. पुढे कितीतरी वर्षांनी तो सराफ्यातल्या खाऊगल्लीत भेटला, गराडूच्या गाडीवर, बायको-मुलांसह. पाया पडला आणि म्हणाला, सर, तेव्हा मी तुमच्या दोघांकडेही जात नव्हतो, मागच्या लिंबाखाली सेव खात बसायचो. तुम्ही विचारलं की मॅडमचं नाव सांगायचो, मॅडमनी विचारलं की तुमचं.

संमेलनाच्या दिवशी पाहुणे दीड तास उशिरा आले. मॅडमचं नृत्य झालं. माझी मुलं पडद्यामागे दाढ्या चिकटवून तयार, पहिल्या वाक्याला तोंड उघडलेलं, आणि माइकवरून घोषणा झाली की पाहुण्यांना पुढे दुसरा कार्यक्रम असल्यामुळे आता त्यांचं मार्गदर्शन. मार्गदर्शन, आभार, राष्ट्रगीत, कचोरीची पाकिटं. दाढ्या डिंकानं लावलेल्या होत्या, ओढल्या की मुलं रडायची. तेव्हा मॅडम खोबरेल तेलाची बाटली घेऊन आल्या आणि एकही शब्द न बोलता एकेका मुलाची दाढी सोडवत बसल्या. मीही काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वही आली: तिसरा तास, सातवी 'ब'.

तुम्हाला सिनेमाचा शेवट हवा असेल तर हा फुकट घेऊन जा. फक्त खोबरेल तेलाच्या जागी दोघांची गळाभेट घालू नका.

भांडण सोडवायला येणाऱ्या माणसाबद्दल एकच सांगतो, कारण तुमच्या संहितेत तो नाही आणि असायला हवा. फ्रेंच नाटककार मोलियरच्या 1670च्या 'ल बुर्ज्वा जांतीयॉम'मध्ये संगीत, नृत्य आणि तलवारबाजी शिकवणारे तीन मास्तर आपापली विद्या श्रेष्ठ म्हणून जुंपतात. तत्त्वज्ञानाचा मास्तर येतो, राग वाईट हे सांगायला सेनेकाचा दाखला देतो, आणि बाकीचे आपल्या विषयाला मान देत नाहीत म्हटल्यावर मिनिटभरात स्वतःच मारामारीत उडी घेतो. तुमच्या शाळेत हे काम योगाच्या सरांना द्या.

आता भाषा. इथे तुमच्या हातात सोनं आहे आणि तुम्ही ते चाळून टाकून दिलंत. सगळे संवाद पुणेरी लिहिलेत, अगदी प्राचार्यांचेसुद्धा. इंदूरच्या स्टाफरूममध्ये दोन मराठी शिक्षक मराठीत भांडतात ते तिसऱ्याला कळू नये म्हणून, आणि प्राचार्य आत आले की वाक्याच्या मध्येच हिंदीत शिरतात. एक नमुना लिहून दाखवतो.

'मॅडम, आपला चष्मा माझ्या खुर्चीवर विसरलाय.'

'विसरला नाही सर, ठेवलाय.'

'असं होय. मग मी उभाच राहतो. उभं राहून शिकवायची सवय आहे मला.'

'हो ना. बसून शिकवायचं तर विषय यावा लागतो.'

'क्या चल रहा है भई?'

'कुछ नहीं सर. मैडम का चश्मा संभाल रहा था।'

यात आवाज चढलेला नाही. मास्तर लोक चिडले की 'तुम्ही'चं 'आपण' होतं, 'या'चं 'यावं' होतं. राग जितका जास्त तितका आदर जास्त. दोन तासांच्या सिनेमात एकानं दुसऱ्याला फक्त एकदा 'तू' म्हणावं आणि थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू यावी. तुमच्या संहितेत ते पान 9वरच 'तुला बघून घेईन'वर आलेत. पुढे काय उरलं मग मारण्याशिवाय?

शिवाय दोन भाषांमध्ये जे शब्द दगा देतात ते वापरा. हिंदीतली 'शिक्षा' म्हणजे मराठीतलं शिक्षण आणि मराठीतली शिक्षा म्हणजे हिंदीतला दंड, हा विनोद इथल्या प्रत्येक मराठी पोरानं चौथीत करून झालेला असतो, तो सोडा. 'मैडम को आपत्ति है' ऐकून साताऱ्याची सासू घाबरते, 'चेष्टा कीजिए' म्हटल्यावर पुण्याचा पाहुणा खरंच थट्टा करायला लागतो, हेही ठीकच. पण एक शब्द असा आहे की त्यावर तुमचा आख्खा सिनेमा उभा राहील: राजीनामा. मराठीत राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद. इकडे हिंदीत, कोर्टकचेरीत आणि ठाण्यात, राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी आपसात केलेली तडजोड. नोकरी सोडायची तर इकडे त्यागपत्र किंवा इस्तीफा देतात.

आता तुमचे संस्कृतचे सर साताऱ्याकडचे करा. बायको इंदूरची म्हणून इकडे आलेले, इथली भरती परीक्षा देऊन लागलेले, तीन वर्षंच झालेली. गणिताचे सर इथलेच, चौथी पिढी. प्राचार्य वकिलाच्या घरातले. भांडणाला कंटाळून ते म्हणतात, 'आप दोनों कल सुबह तक राजीनामा लिखकर मेरी टेबल पर रखिए।' गणिताचे सर 'जी' म्हणून घरी जातात आणि जेवून झोपतात. संस्कृतचे सर रात्रभर जागे. बायको विचारते काय झालं, सांगत नाहीत. पहाटे एका कागदावर हिंदीत लिहितात, 'मैं स्वेच्छा से राजीनामा दे रहा हूँ', सही करतात, राजवाड्यापाशी एकटेच पोहे खातात आणि आयुष्यात पहिल्यांदा वरचा जिरावन मसाला जास्त मागून घेतात. प्राचार्य कागद वाचून खूश: 'वाह शास्त्रीजी, सबसे पहले आपने दिया! मुझे आपसे यही उम्मीद थी।' बघा, अमेरिकन सिनेमातला नोकरी जाण्याचा धक्का तुम्हाला हवा होता ना? एकही सेवानियम न मोडता तो मिळाला. सर दिवसभर शाळेत शेवटचा निरोप घेत हिंडतील, शिपायाला आपली छत्री देऊन टाकतील, सातवी 'ब'ला गृहपाठ माफ करतील आणि, मुख्य म्हणजे, गणिताच्या सरांना तीन वर्षांचं साठलेलं खरंखुरं सगळं सांगून टाकतील. मग दुसऱ्या दिवशी त्याच स्टाफरूममध्ये परत यावं लागेल.

गणिताच्या सरांना अर्थातच काय घोटाळा झालाय ते कळलेलं असतं. ते सांगत नाहीत. का सांगत नाहीत हे तुम्ही ठरवा, मी नाही सांगणार.

मध्यंतराच्या आसपास या दोघांना एकत्र कोंडणारा प्रसंग लागेल. तुम्ही सहलीची बस घेतलीय, ती चालेल, पण आपल्याकडे त्याहून चांगली गोष्ट सरकार पुरवतं. शिक्षण हक्काच्या कायद्यानं शिक्षकांना शाळेबाहेरच्या कामांतून मोकळं केलंय, अपवाद तीन: जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणूक. तेव्हा दोघांची निवडणुकीत ड्यूटी लावा. खेड्यातल्या एकाच शाळेत शेजारशेजारच्या खोल्यांत दोन मतदान केंद्रं, दोघं दोन केंद्रांचे पीठासीन अधिकारी. आदल्या दिवशी मशीन घेऊन पोचायचं, रात्री तिथेच झोपायचं. एक बादली, एक डास अगरबत्ती, दोन अधिकारी. सकाळी सातला मतदान, त्याआधी दीड तास मॉक पोल. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान 50 मतं टाकून मशीन बरोबर चालतंय हे दाखवायचं आणि मग 'क्लिअर'चं बटण दाबून ती पुसायची. हे बटण दाबायचं राहून जातं, अशी चूक निवडणुकीत खरंच घडते. मग संध्याकाळी मशीनचा आकडा आणि मतदारांच्या नोंदवहीचा आकडा जुळत नाही आणि पीठासीन अधिकाऱ्याला घाम फुटतो.

सातला दहा कमी आहेत. संस्कृतच्या सरांना दारातून दिसतं की गणिताच्या सरांनी क्लिअर दाबलेलं नाही. गणिताचा मास्तर, आणि बेरीज नेमकी 50नं चुकणार! सांगावं की गप्प राहावं? ही दहा मिनिटं मला पूर्ण हवीत, मध्ये पार्श्वसंगीत न घालता.

जागांबद्दल थोडंसं. रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, तुम्ही शेवटाला ठेवलीय, रंगात दोघांचे चेहरे ओळखू येत नाहीत वगैरे. कल्पना बरी आहे, पण राजवाड्यासमोर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते आणि पाण्याच्या तोफा रंग उडवत असतात. तिथे दोन नट आणि कॅमेरा सांभाळणं तुमच्या आवाक्यातलं नाही. लांबून, गच्चीवरून दोन शॉट घ्या आणि पुढे चला. पैसे वाचवून ते शाळेत घाला.

आणि मुलांबद्दल, कारण हे कोणी आधी सांगत नाही. चौदा वर्षांखालच्या मुलांना कॅमेऱ्यासमोर उभं करायचं तर बालकामगार कायद्याच्या 2017च्या सुधारित नियमांप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही आणि सलग तीन तासांपेक्षा जास्त तर विश्रांतीशिवाय नाहीच. सलग 27 दिवसांच्या वर नाही. जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार माणूस नेमायचा आणि मुलाच्या कमाईतली किमान 20 टक्के रक्कम त्याच्या नावानं बँकेत मुदत ठेवीत टाकायची. तुम्ही 40 मुलांचा वर्ग लिहिलाय, म्हणजे आठ माणसं नुसती मुलांवर. आई-वडिलांपैकी कोणी येईल असं गृहीत धरू नका, मे महिन्यात सगळे मामाच्या गावाला असतात, आणि शाळा तर तुम्हाला मे महिन्यातच मिळणार. वर्ग 20 मुलांचा करा आणि कॅमेरा खिडकीपाशी लावा.

शेवटची गोष्ट. तुम्ही प्रश्नात ओघात लिहिलंय की पान 14वर एक मुलगा दोन्ही सरांच्या चिठ्ठ्या एकमेकांना पोचवतो आणि एकदा वाटेत चिठ्ठी बदलतो. ते पान ठेवा. बाकीची 59 पानं बाजूला ठेवून त्या मुलापासून सुरुवात करा. दोघांच्या भांडणात त्याला काय मिळतं, मधल्या सुट्टीत तो कुठे असतो, चिठ्ठी त्यानं का बदलली, हे आधी लिहून काढा. आणि त्याला एक नाव द्या. सध्या तुमच्या यादीत तो 'विद्यार्थी क्र. 3' आहे.